फडाचें स्वातंत्र्य

संगमनेर म्हटलें कीं मला आधीं शाहीर अनंतफंदी आठवतो. त्याला पेशवाईंत आश्रयदाते होते; त्याच गांवीं स्थायिक झालेल्या कांताबाई सातारकरांच्या तमाशाला मात्र खेड्यापाड्यांतला प्रेक्षक हाच धनी. जत्रेची सुपारी नाहीं तर तंबूचें तिकीट, हीच मिळकत. गण-गौळणीपासून वगापर्यंत रात्र जागविणाऱ्या या फडाच्या स्वातंत्र्याचें मला फार कौतुक. परंतु २०२० व २०२१ च्या चैत्रांत महामारीमुळें जत्राच भरल्या नाहींत, तेव्हां त्या स्वातंत्र्याची किंमत कळली. २५ मे २०२१ रोजीं कांताबाई कोविडनें निवर्तल्या. चिरंजीव रघुवीर खेडकरांनीं फड सांभाळला. कलावंतानें कोणाचें मिंधें नसावें, हें खरेंच. पण म्हणून रसिकांनीं त्याला पडत्या काळीं एकटें टाकावें, असें थोडेंच आहे?