आपोआप गळलेले शिंग

प्रतिक्रमणात सातव्या व्रताचे अतिचार म्हणताना पंधरा कर्मादानांची नावे आपण एका दमात उच्चारून जातो. त्यांतील ‘दंतवाणिज्य’ हा शब्द आला की डोळ्यांपुढे हत्तीचा दात येतो, आणि आपल्यापैकी कुणाचाच तो धंदा नसल्यामुळे मन निर्धास्तपणे पुढच्या शब्दाकडे वळते. माझे मात्र तेथे थोडे अडते. कारण या शब्दाच्या पोटात केवळ दात नाहीत. आचार्य हेमचंद्रांच्या योगशास्त्रात केस, नखे, हाडे, कातडे हेही त्यात घेतले आहेत. आणि सांबराचे शिंग हे निव्वळ हाड असते.

हे वाक्य काहींना चुकीचे वाटेल. मराठीत गाईचेही शिंगच आणि सांबराचेही शिंगच. पण निसर्गाने या दोन वस्तू अगदी निराळ्या घडवल्या आहेत. गाय, म्हैस, काळवीट यांच्या शिंगात आत हाडाचा गाभा असतो व त्यावर नखासारख्या द्रव्याची टोपी असते. ते जन्मभर टिकते आणि त्याला फांद्या फुटत नाहीत. सांबर, चितळ, भेकर हे हरणांचे खरे कुळ. त्यांत शिंगे फक्त नराला येतात, गळतात आणि पुन्हा उगवतात.

बिबवेवाडीहून कात्रजचे राजीव गांधी प्राणिसंग्रहालय जवळ आहे. एका पावसाळ्यात नातवाला घेऊन गेलो असता त्याने विचारले, “आजोबा, याच्या शिंगावर केस कसे?” ती मखमल होय. वाढत्या शिंगावर लवदार त्वचा असते, तिच्यातून रक्त खेळते, तिला स्पर्श कळतो. मोठ्या जातींत ही वाढ दिवसाला दोन सेंटीमीटरपर्यंत होते. प्राण्याच्या शरीरात इतक्या वेगाने वाढणारे हाड दुसरे नाही. आहारातून खनिजे पुरेनाशी झाली तर तो नर स्वतःच्या बरगड्यांतून ती उसनी घेतो. वाढ पुरी झाली की मखमल सुकते, तो ती झाडाला घासून काढतो, आणि उरते ते निर्जीव कठीण हाड. पुढे शरीरातील नरसंप्रेरक ओसरले की कवटीवरचा सांधा आतूनच पोखरला जातो आणि शिंग गळून पडते. माराची जखम नाही, कुणाचा हात नाही.

म्हणूनच आमच्या बाई (आईला आम्ही बाई म्हणत असू) ठामपणे म्हणत, “पिकले पान गळते तसे ते गळते. त्यात हिंसा कुठली?” जुन्या घरांत सांबरशिंगाचा बोटभर तुकडा असेच. छाती भरली, बरगडीत कळ आली, की सहाणेवर पाण्यात उगाळून त्याचा लेप लावायचा. वैद्यांचे शृंगभस्मही खोकल्यावर व छातीच्या दुखण्यावर देत. बाबूजींचे भवानी पेठेत काष्ठौषधींचे दुकान होते आणि तेथे सुंठ, हिरडा, बिबवा यांच्या शेजारी एका डब्यात सांबरशिंगही असे. त्या काळी गळलेल्या शिंगांच्या व्यापाराला बंदी नव्हती. (घाऊक बाजार गुलटेकडीला गेल्यावर आम्ही पेठ सोडून बिबवेवाडीत आलो. ज्या वाडीच्या नावातच बिबवा आहे तेथे काष्ठौषधीवाल्याने यावे, याची बाबूजींना मोठी गंमत वाटे.)

एकदा एका आडत्याकडून शिंगांचे पोते आले. बाबूजींनी ते ओट्यावर ओतले आणि एकेक शिंग उलटे करून बुंधा पाहू लागले. गळलेल्या शिंगाचा बुंधा खरबरीत व किंचित फुगीर असतो, भोवती दाणेदार कडे असते. त्या ढिगातील तीन-चार शिंगांचे बुंधे मात्र सपाट, करवतीने कापलेले होते आणि एकाला कवटीचे हाड चिकटलेले होते. ते शिंग गळलेले नव्हते. बाबूजींनी पोते तसेच परत पाठवले आणि पुढे तो जिन्नस ठेवणेच बंद केले.

बाईंना हे पटले नाही. खोटा माल परत करावा, खरा ठेवावा, हा त्यांचा व्यवहारी मुद्दा होता. बाबूजींचे उत्तर मला शब्दशः आठवते : “बुंधा आहे तोवर मी ओळखीन. तुकडे केले, भस्म केले, की कोण ओळखणार? आणि आपण भाव दिला की आणणारा शिंग गळायची वाट कशाला पाहील?”

पुष्कळ वर्षांनी एका चातुर्मासात महाराजसाहेबांच्या व्याख्यानात दंतवाणिज्याचे जुने विवरण ऐकले, तेव्हा मी चकित झालो. त्यात दोष दाताला दिलेला नाही, खरेदीच्या रीतीला दिला आहे. व्यापारी उत्पत्तिस्थानी जाऊन वनवासी लोकांना आगाऊ रक्कम देतो. व्यापारी आता येईल, माल तयार हवा, म्हणून ते हत्तींना मारतात. ‘मी मारले नाही, मी फक्त विकत घेतले’ ही पळवाट त्या विवरणकारांनी कित्येक शतकांपूर्वी बंद केली होती. मागणी हीच पुरवठ्याला हात घालते, हे व्यापाऱ्याला दुसऱ्याने सांगावे लागत नाही. बाबूजींनी तो ग्रंथ वाचला नव्हता, त्यांनी पोते पाहिले होते.

बाईंच्या पिकल्या पानाबद्दलही एक गोष्ट सांगायची राहिली. जंगलात पडलेले शिंग बेवारस नसते. साळिंदर आणि उंदीर ते कुरतडतात, कधी हरणेही चघळतात. चुना आणि स्फुरद त्यांना त्यातून मिळते. न दिलेले घेऊ नये, या व्रताचा विचार येथेही करता येईल.

गंमत म्हणून सांगतो : युरोपात पूर्वी हरणाचे शिंग तापवून एक क्षार काढीत व तो बिस्किटे फुगवण्यासाठी वापरीत. तोच पदार्थ आज कारखान्यात रसायनांपासून बनतो आणि बिस्किटाच्या पुड्यावर ‘५०३’ या क्रमांकाने छापलेला असतो. पुड्यावरचे बारीक अक्षर वाचणाऱ्या आपल्या भगिनींनी त्याची चिंता करू नये. न्यूझीलंडमध्ये पाळीव हरणांची मखमली शिंगे वाढीच्या काळातच, भूल देऊन, कापतात. ‘डीअर व्हेल्व्हेट’ नावाच्या शक्तिवर्धक गोळ्या त्यांच्यापासून होतात. तेथे मात्र नाव वाचून थांबावे.

आपल्या देशातून गळलेल्या शिंगांची निर्यात १९९० च्या दशकाच्या अखेरीस बंद झाली. आज सांबर-चितळाचे शिंग, गळलेले का असेना, विकणे, विकत घेणे वा प्रमाणपत्रावाचून बाळगणे हा वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे. घरोघरच्या अशा वस्तू जाहीर करण्यासाठी २००३ साली सरकारने १८० दिवसांची मुदत दिली होती. त्या मुदतीत बाबूजींनी बाईंचा तुकडा कागदात गुंडाळून वनखात्याच्या कार्यालयात नेऊन दिला. बाई दोन दिवस बोलल्या नाहीत. सहाण त्यांनी ठेवली. थंडीत सून तीवर सुंठ आणि जायफळ उगाळते.

आपल्याही आजीच्या डब्यात असा तुकडा निघाला तर तो कुणाला विकू नये, भेट देऊ नये, जाळूही नये. जवळच्या वनखात्याच्या कार्यालयाशी बोलून तो तेथे सोपवण्याची रीत विचारून घ्यावी.