पाट्याचा कोयता

1996 साली आम्ही जुनी जीप घेतली. चिपळूणकडच्या एका माणसाची होती, तो तिच्यातून मासळी वाहायचा. बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं फळ्यांच्या फटींतून खाली ठिबकलेलं, पण घेताना ते काही ध्यानात आलं नाही. इंजिनाचा आवाज ऐकला, टायर बघितले न् पैसे मोजले. बैल घेताना आपण दात बघतो, खूर बघतो, चालवून बघतो. जीपच्या पोटाखाली मात्र कुणी वाकून बघितलं नाही.

पहिला पावसाळा सरल्यावर मी खाली शिरलो. सगळं तांबूस. पाट्यांच्या थरांत गंज फुगलेला, हात लावला की पापुद्रे निघत होते. भुईमुगाचे पैसे विहिरीच्या मोटारीत गेलेले. मी जरा खरवडलं आणि वरनं काळा ऑइलपेंट मारला. लांबून नव्यासारखं दिसायला लागलं. घरात कुणाला बोललो नाही.

उन्हाळ्यात भाचीचं लग्न निघालं. लग्न कुंभार्ली घाटाच्या खाली. मामा मीच, म्हणून माणसं जीपनं नेतो असं मीच सगळ्यांना सांगून बसलेलो. आदल्या दिवशी ब्रेक बघायला म्हणून जीप पाटणला मिस्त्रींकडं नेली. ते खाली झोपले, हातातला पेचकस पुढच्या पाट्याच्या शॅकलला टोचला. पेचकस आत गेला. मग मेन पाट्याच्या डोळ्यापाशी रंग खरवडला, तर तिथं केसासारखी चीर.

“रंग कुणी मारला हो हिला?”

“मीच.”

“रंगानं गंज मरत न्हाई दादा, नुस्ता झाकतोय.”

मी म्हणालो, “उद्यापुरतं वेल्डिंग मारा. माणसं न्यायचीत.”

“पाट्याला वेल्डिंग करत न्हाईत. त्याचं पाणी उतरतं, मग तिथंच तुटतोय. घाटात मेन पाटा तुटला की एक्सल जागा सोडतो. मग स्टेअरिंग तुमचं ऐकायचं न्हाई. पोरं कुठं बसवणार हुता?”

पोरं पुढंच बसणार होती. माझी दोन्ही.

रात्री घरी येऊन खरं ते सांगितलं. घरची एवढंच म्हणाली, “रंग मारला तवाच सांगायचं हुतं.” सकाळी भाड्याचा टेम्पो केला. सगळा घाट मी प्रत्येक वळणाला खाली दरीत बघत होतो.

लग्नानंतर जीप 8 दिवस ओंडक्यांवर उभी होती. मी रोज मिस्त्रींच्या हाताखाली. यू-बोल्टच्या नटांवर रात्रभर रॉकेल मुरवलं, पान्याला पाइप लावून ओढलं, तरी दोनच सुटले. बाकीचे हेक्सॉनं कापले. मला एकच बाजू बदलायची होती, पैशासाठी. मिस्त्री म्हणाले, “एक बैल तरणा न् एक म्हातारा जुपला तर नांगर कुठं जाईल?” मग दोन्ही बाजूचे पाटे, शॅकल, पिना, बुश, यू-बोल्ट सगळं नवं घातलं. पाट्यांच्या मधी ग्रीस भरलं. जीप चाकांवर उतरवल्यावर नट पुन्हा आवळले, आणि चार दिवस चालवून आणखी एकदा. नवा बोल्ट बसताना ढिला पडतो, हे तिथं कळलं. उसनवारी फेडायला पुढचा भुईमूग गेला.

जुने पाटे भंगारात घालत होतो. मिस्त्री म्हणाले, “ह्यातला जाड बघून लोहाराला द्या. असलं लोखंड मिळायचं न्हाई.” लोहारानं गंज झाडून चांगला तुकडा काढला, तापवून ठोकला, पाणी दिलं न् कोयता करून दिला.

जीप कधीच विकली. घेणाऱ्याला मी आधी खाली वाकून बघायला लावलं. कोयता अजून घरात आहे. पावसाळ्यात त्याला गंज चढतो. मी दगडावर घासून काढतो, मग तेल लावतो.