निर्जन जागा

गेल्या दिवाळीतली गोष्ट. वसुबारसेच्या संध्याकाळी मी सोऱ्याशी झटत बसलो होतो. आमच्या घरी चकल्या पाडण्याचे काम माझ्याकडे आहे. चकली खुसखुशीत झाली तर पीठ चांगले मळले होते आणि तुटली तर ती मी पाडली होती, असा त्या खात्याचा सरळ हिशेब. इतक्यात दारावरची घंटा वाजली. आमच्या सोसायटीचे चिटणीस एक कागद घेऊन उभे होते.

आमची इमारत अंबरनाथच्या पूर्वेला. मागच्या गॅलरीतून पाहिले तर दोन पडीक शेते, आणि ती संपली की कचऱ्याचा ढीग. पावसाळ्यात त्याचा वास येतो, उन्हाळ्यात धूर. तो कोणी सुरू केला याचा शोध मी केला नाही. त्यात आमच्या घरच्या केळ्यांच्या साली आहेत, एवढे मात्र खात्रीने सांगू शकतो. माझी सात वर्षांची नात धूर सुटला की रात्ररात्र उशाला टेकून बसते. तिला दम लागतो. तेव्हा चिटणिसांच्या अर्जावर सही करताना मला विचार करावा लागला नाही. अर्जात लिहिले होते, ‘सदर कचरा मानवी वस्तीपासून दूर, एखाद्या निर्जन जागी हलविण्यात यावा.’ पस्तीस वर्षे कचेरीत मसुदे करण्यात गेलेला माणूस मी. ‘हलविण्यात’च्या आधी ‘तातडीने’ हा शब्द माझ्या पदरचा घातला आणि तेलकट बोटांनीच सही ठोकली. मुलाच्या आणि सूनबाईच्या सह्यांसाठी कागद घरातच राहिला.

धनत्रयोदशीला बोईसरहून सौ.चे थोरले बंधू आले. आम्ही सारे त्यांना दादा म्हणतो. सारी नोकरी त्यांनी तारापूरच्या अणुवीजकेंद्रात काढली. सूनबाईचे माहेर राजापूर तालुक्यात. जैतापूरच्या प्रकल्पासाठी ज्या माडबनच्या जमिनी गेल्या, तेथे तिचे नातलग आहेत. तेव्हा या दोघांसमोर अणू हा विषय काढायचा नाही, असा आमच्या घरचा अलिखित कायदा आहे. फटाके बाहेर वाजवावेत.

पण नरकचतुर्दशीला फराळाच्या वेळी तो कागद चिवड्याच्या डब्याखाली सापडला. दादांनी चष्मा लावून तो वाचला आणि ते हसू लागले.

“निर्जन जागा! अहो, निर्जन म्हणजे काय? जिथं आपला कोणी पाहुणा राहत नाही ती.”

सूनबाईने चहाची किटली खाली ठेवली. “मग मामा, तुमच्या भट्टीची राख कुठल्या निर्जन जागी जाते?”

संपला कायदा!

दादा मुळीच रागावले नाहीत. उलट, कोणी विचारील म्हणून वाट पाहत असल्यासारखे त्यांनी समजावून सांगितले. जळून झालेल्या इंधनाच्या कांड्या आधी काही वर्षे पाण्याच्या टाकीत ठेवतात. मग त्यांतले युरेनियम आणि प्लुटोनियम काढून घेतात. उरलेले जहाल पाणी काचेच्या मालमसाल्यात मिसळून वितळवतात, पोलादी डब्यांत ओततात आणि डबे बंद करतात. ते डबे वाऱ्याने थंड होतील अशा जाड भिंतींच्या कोठारात पंचवीस-तीस वर्षे ठेवायचे. त्यासाठी दूर कोठे जावे लागत नाही, तारापूरच्या आवारातच ही सोय आहे.

“आणि ती राख नव्हे पोरी, ठेव आहे,” दादा म्हणाले. “त्या ठेवीवरून दोन सरकारं किती वर्षं भांडली, ठाऊक आहे?”

ते भांडण मला अर्धवट आठवत होते. १९६३ च्या करारानुसार अमेरिकेने तारापूरला इंधन द्यायचे ठरले, आणि १९६९ मध्ये केंद्र सुरू झाले. १९७४ साली आपण पोखरणला स्फोट केला आणि अमेरिकेचे बिनसले. १९७८ मध्ये तिने नवा कायदा केला, पुरवठा अडला, आणि १९८२ मध्ये फ्रान्सने इंधन द्यायचे कबूल केले. पण आधी जाळलेल्या कांड्यांचे काय? आपण म्हणत होतो, त्यांतले प्लुटोनियम काढू द्या. अमेरिका म्हणे, आमच्या संमतीवाचून हात लावायचा नाही. कांड्या तिकडे परतही गेल्या नाहीत. १९९३ मध्ये कराराची मुदत संपली तरी त्या तारापूरच्या पाण्यातच होत्या. घटस्फोटानंतर राहिलेल्या रुखवतासारख्या! (हा विनोद मी तेव्हा मोठ्याने केला. सौ.ने माझ्यापुढची लाडवांची ताटली उचलली.)

“ते झालं तीस वर्षांचं,” सूनबाई म्हणाली. “एकतिसाव्या वर्षी डबे कुठे पुरायचे?”

दादा शंकरपाळ्याकडे पाहत राहिले.

मग तीच बोलली. कुडनकुलमचा खटला सर्वोच्च न्यायालयात चालू असताना, २०१२ च्या नोव्हेंबरात, केंद्र सरकारच्या वकिलांनी कोलारच्या सोन्याच्या खाणींचे नाव घेतले होते. तीन किलोमीटरांहून खोल गेलेल्या त्या खाणी २००१ पासून बंद. कागदावर याहून निर्जन जागा कोणती असणार? पण वर गाव होते. खाणीबरोबर ज्यांची पोटे बंद झाली ती माणसे तेथेच राहत होती. ती रस्त्यावर आली, कर्नाटकात गदारोळ झाला, आणि सरकारला सांगावे लागले की तसा काही बेत नाही.

“जर्मनीतही तेच,” मुलगा म्हणाला. “गोर्लेबेन नावाच्या खेड्यावर १९७७ मध्ये बोट ठेवलं, लोक चाळीस वर्षं भांडले, आणि २०२० मध्ये ते नाव यादीतून गेलं.”

“फिनलंडच्या लोकांनी हो म्हटलं की,” दादा म्हणाले. “ओल्किलुओतोच्या खडकात चारशे मीटरांहून खाली पुरायचं ठरलं. तिथल्या गावच्या सभेनं २००० साली मान्यता दिली.”

“गावाला विचारलं होतं ना, मामा? आमच्याकडे आधी मोजणीवाले आले.”

दादांनी यावर उत्तर दिले नाही. थोड्या वेळाने म्हणाले, “हे तुझं खरं आहे.” माझ्या आठवणीत दादांनी या घरात असे वाक्य प्रथमच उच्चारले.

एवढ्यावर निभावले असते. पण मुलाने कागद पुढे ओढून सही केली आणि तो बायकोकडे सरकवला. तिने तो परत सरकवला.

“पोरीला रात्री कोण घेऊन बसतं?” त्याचा आवाज चढला. “तूच ना? आणि तू सही करत नाहीस?”

“कचरा हलवा म्हणून दहा सह्या करते. आधी तो निर्जन खोडा.”

फराळ तसाच राहिला. मी म्हणालो, चिटणिसांशी बोलतो. पण दुपारी ते आले आणि कागद घेऊन गेले तेव्हा मी झोपलो होतो. निदान डोळे मिटून पडलो होतो.

पाडव्याला आम्ही शिवमंदिरात गेलो. दादांना ते फार आवडते. मागे वालधुनी वाहते. तिच्या रंगाबद्दल सणासुदीला न बोललेले बरे. मंदिर शिलाहार राजा मुम्मुणीच्या काळात, १०६० मध्ये बांधले गेले. तसा शिलालेख आहे. मी दादांना त्याची गंमत सांगितली. दगडावर कोरलेला लेख, वाचणारे मोठे विद्वान, आणि तरी शक आधी ७८२ असा वाचला गेला, नंतर ९८२ असा ठरला. दोनशे वर्षांची चूक!

दादा बराच वेळ दगडावरून हात फिरवत होते. मग माझ्याकडे न पाहता म्हणाले, “प्लुटोनियम निम्मं व्हायला चोवीस हजार वर्षं लागतात. त्या डब्यांतही ते थोडं राहतंच. डब्यावर पाटी कुठल्या लिपीत लावायची, हे आम्हाला कोणी विचारलं नव्हतं.” सूनबाई जवळच उभी होती, पण काही बोलली नाही. उतरताना तिने त्यांचा हात धरला.

भाऊबीजेला सकाळी आमची भाजीवाली आली. ती तळोज्याच्या बाजूच्या एका गावातून येते. त्या भागाची कथा आमच्या तालुक्यात सर्वांना ठाऊक आहे. मुंबईच्या कचऱ्यासाठी करवल्याची जमीन ठरली, उल्हासनगरच्या कचऱ्यासाठी उसाटण्याची, आणि दोन्हीकडच्या गावकऱ्यांनी विरोध केला. देवनारचा कचरा २०१६ च्या जानेवारीत पेटला तेव्हा त्याचा धूर टीव्हीवर पाहून मीच घरात म्हणालो होतो, की शहराबाहेर इतकी मोकळी जागा पडली आहे, तिकडे का नेत नाहीत?

तिने मेथीच्या जुड्या सौ.पुढे टाकल्या आणि टोपलीतून वहीचा कोरा कागद काढला.

“साहेब, एक अर्ज लिहून द्याल? आमच्या बाजूला अजून कचरा आणायचा म्हणतात. पोरगं लिहितं, पण त्याला सरकारी भाषा येत नाही.”

मी चष्मा लावला. सूनबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. ‘महोदय’ लिहिले, मायना झाला. गावात घरे किती, असे विचारले.

“घरं कशाला मोजता? इथं माणसं राहतात, एवढं लिहा.”

तेवढे लिहिले. विहिरीचे लिहिले, भाताच्या खाचरांचे लिहिले. शेवटी रिवाजाप्रमाणे विनंती आली. ‘तरी सदर कचरा आमच्या गावी न आणता’ येथपर्यंत पोचलो आणि हात आपल्या सवयीने पुढे चालला. ‘मानवी वस्तीपासून दूर, एखाद्या’ असे लिहून झाले तेव्हा कोठे माझ्या ते ध्यानात आले.

लेखणी थांबली.

“काय झालं साहेब? शाई संपली?”

“नाही,” मी म्हणालो आणि तिच्याकडे दुसरा कागद मागितला.