शेंगोळ्यांची संध्याकाळ

हुलग्याच्या पिठाची करंगळीहून बारीक वळी करायची, तिची दोन्ही टोके जुळवायची, लसणाच्या तिखट आधणात ती शिजवायची आणि शेवटी दाण्याचे कूट घालायचे, की शेंगोळे होतात. शेवगाव, पाथर्डी, नेवासे आणि गोदावरी ओलांडून पैठणकडच्या घरांत कामाच्या दिवसाचे हे रात्रीचे जेवण. त्या दिवशी भाजी निवडायला नको, भाकरीही नसली तरी चालते. एक परात आणि एक पातेले एवढ्यावर भागते, आणि शेतातून उशिरा परतलेले घरसुद्धा पाऊण-एक तासात पानावर बसते. यातले काहीच बाजारातून ताजे आणावे लागत नाही. पीठ डब्यात असते, दाणे बरणीत, लसणाची गड्डी खुंटीला. ज्या मुलखात उन्हाळ्याचे चार महिने भाजीचा वाफा कोरडा पडतो, तिथे ही सोय फार मोठी आहे.

हुलगा म्हणजे कोकणातला कुळीथ, कानडी मुलखातली हुरळी. दाणा चपटा, लालसर तपकिरी, हाताला गुळगुळीत लागतो. हे पीक मुळातच कोरडवाहू. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतल्या या भागात वर्षाला जेमतेम पाचशे-सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही वेळेवर येईल याचा भरवसा नसतो. बाजरीची वेळ हुकली, मूग-मटकी गेली, तरी मुरमाड रानात हुलगा उशिरा पेरता येतो. आला तर चार पोती, नाही तर निदान बैलांना चारा. बैलांचा या धान्यावर पहिला हक्क होता. औताच्या दिवसांत त्यांना भिजवलेले किंवा शिजवलेले हुलगे चारत. गव्हाणीत आणि परातीत एकच धान्य, ही गोष्ट इथल्या शेतीबद्दल पुष्कळ सांगून जाते. हे धान्य जुनेही आहे. भीमेच्या खोऱ्यात, घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने 1968 पासून केलेल्या उत्खननात तीन हजार वर्षांहून जुन्या वस्तीत हुलग्याचे जळके दाणे मिळाले. 1976 साली जायकवाडी धरण झाले, नाथसागराचे पाणी शेवगाव तालुक्याच्या उत्तरेला येऊन टेकले, ऊस आला, कापूस वाढला आणि हुलग्याचे रान आटले. शेंगोळ्याचे पीठ मात्र घराघरांत अजून दळले जाते.

पिठाच्या स्वभावावरून पदार्थाचा आकार ठरतो. गव्हाच्या कणकेत ग्लुटेन असते. ते ताणले जाते, म्हणून चीनमधले आचारी कणकेचा गोळा हातात झुलवून त्याच्या हातभर लांब तारा काढतात. हुलग्याच्या पिठात हा चिवटपणा नाही. ओढले की ते तुटते. म्हणून त्याला वळावे लागते, आणि वळलेलेही फार लांब राहत नाही. मूठभर कणीक किंवा ज्वारीचे पीठ सोबत घेतात. कणीक वळ्यांना धरून ठेवते, ज्वारी त्यांना हलके करते. दोन वाट्या हुलग्याला अर्धी वाटी हे प्रमाण पुरते. याहून जास्त कणीक घातली तर शेंगोळे रबरासारखे लागतात आणि हुलग्याचा तो मातकट, खमंग वास हरवतो. हा वास गेला तर शेंगोळे करण्यात अर्थ उरत नाही.

लसूण, जिरे, लाल तिखट किंवा ठेचलेली हिरवी मिरची, हळद, मीठ, कोथिंबीर आणि पळीभर कडकडीत तेलाचे मोहन, एवढे पिठात घालून ते घट्ट मळतात. सैल झाले की घात. आधणात पडताच विरघळते. तेलाचा हात लावून लिंबाएवढा गोळा तळव्यांत किंवा पोळपाटावर पुढे-मागे फिरवला की त्याला शेपूट फुटते, ते लांबत जाते. चार बोटे लांबी झाली की तोडायचे, टोकाला टोक दाबायचे आणि ताटात मांडायचे. सरावलेला हात बोलता बोलता ताट भरतो. पोरांना या कामात आवर्जून घेतात, आणि त्यांची वाकडीतिकडी, एका टोकाला जाड शेंगोळीही त्याच पातेल्यात जातात. ती शिजायला दोन मिनिटे जास्त घेतात, एवढाच फरक.

तोवर चुलीवर फोडणी झालेली असते. तेलात मोहरी, जिरे, हिंग आणि भरपूर ठेचलेला लसूण. लसूण तांबूस झाला की तिखट, आणि ते जळायच्या आत लगेच पाणी, पाच-सहा वाट्या. आधण खळखळू लागले की शेंगोळे एक-एक करून सोडायचे. या क्षणी पळी घालण्याचा मोह आवरावा लागतो, कारण कच्ची वळी पळीच्या धक्क्याने मोडते. पाणी पुन्हा उकळले, शेंगोळे कडक होऊन वर आले, की मग हलक्या हाताने तळ सोडवायचा. पंधरा-वीस मिनिटांनी एक बाहेर काढून बोटाने दाबतात. मध्ये पांढरट, कोरडा गाभा दिसला तर अजून वेळ आहे. दरम्यान परातीला चिकटलेले पीठ पाण्याने धुऊन ते पाणी पातेल्यातच ओततात. रस्स्याला पहिला दाटपणा या धुवणाने येतो, आणि परातही निम्मी घासून निघते.

दुसरा दाटपणा शेंगदाण्याचा. दाणे मंद आचेवर साल तडकेपर्यंत भाजून, साल पाखडून, जाडसर कुटलेले असावेत. अर्धी वाटी कूट शेवटच्या पाच मिनिटांत घालतात. शेंगदाण्यात निम्म्याच्या आसपास तेल असते. उकळीत ते सुटते आणि रस्स्यावर तांबडी तर्री येते. मिरचीचा तिखटपणा पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो, म्हणून कूट पडल्यावर तीच मिरची जिभेला कमी झोंबते आणि जास्त वेळ रेंगाळते. मिरची आणि भुईमूग दोन्ही अमेरिका खंडातून आलेली, इथे काही शतकांपूर्वी रुजलेली पिके. हजारो वर्षांच्या हुलग्याला त्यांनी असे आपले केले, की दाण्याशिवाय शेंगोळे आज कुणाला पुरे वाटत नाहीत. चीनच्या सिचुआन प्रांतात नूडल्सवर तिखट तेल आणि भरडलेले दाणे घालतात. तिखट आणि दाणा ही जोडी तिथल्या जिभेलाही अशीच सापडली.

प्रत्येक घराची रीत थोडी वेगळी. मराठवाड्याच्या बाजूला निव्वळ ज्वारी आणि बेसनाचे शेंगोळे होतात. कुणी हुलगे दळण्याआधी किंचित भाजून घेते, कुणी रस्सा पातळ ठेवून त्यात भाकरी कुस्करते.

शेंगोळे पावसाच्या किंवा थंडीच्या रात्री करतात, कारण हुलगा उष्ण मानला जातो. खोलगट ताटलीत वाफाळते शेंगोळे, वरून चमचाभर कच्चे शेंगतेल किंवा तूप, शेजारी बुक्कीने फोडलेला कांदा आणि लिंबाची फोड. ते थोडे जास्तच करायची पद्धत आहे. रात्रभरात वळ्या रस्सा पिऊन फुगतात आणि लसूण आतपर्यंत मुरतो. सकाळी पातेल्यात दिसतो तो गच्च, तांबूस ऐवज भांडेभर पाणी घालून वैलावर गरम करतात, आणि शेताला निघणारी माणसे चहाच्या आधी तो खाऊन जातात.