मोदलु स्पार्क नोडु

पुण्यात गाडी बंद पडली की ती गॅरेजपर्यंत ढकलत न्यायची आणि सांगतील ते पैसे द्यायचे, इतकीच माझी समज होती. नोकरीसाठी बंगळुरूच्या मल्लेश्वरमला आलो. व्यंकोजीराजांनी बांधलेल्या काडू मल्लेश्वराच्या देवळाजवळ खोली मिळाली. सोबत मामांची जुनी येझदी मोटरसायकल होती, आणि शेजारी एचएमटीतून निवृत्त झालेले फिटर, अण्णा. आज माझ्यात जी काही चिकाटी आहे ती त्यांच्यामुळे.

येझदी म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्याची. 1961 पासून तिथे आधी जावा आणि मग येझदी बनत गेल्या. 1996 मध्ये कारखाना बंद झाला. त्यानंतर या गाड्या बंगळुरूत टिकल्या त्या जे. सी. रोडवरच्या सुट्या भागांच्या दुकानांमुळे आणि अण्णांसारख्या माणसांमुळे.

गाडी चालू होईना म्हणून त्यांच्याकडे गेलो, तर त्यांनी मला पान्याला हात लावू दिला नाही. म्हणाले, "मोदलु स्पार्क नोडु." आधी ठिणगी बघ. प्लग काढायचा, कॅपमध्ये बसवून इंजिनाच्या धातूला टेकवायचा आणि किक मारायची. ठिणगी निळी, जोरकस असेल तर पेट्रोलकडे वळायचं. नसेल तर पॉइंट आणि कंडेन्सर बघायचे. प्लगचं टोक काळं आणि ओलं असेल तर पेट्रोल जास्त, पांढरट असेल तर कमी, चॉकलेटी असेल तर ठीक. पॉइंटमधलं अंतर 0.4 मिलिमीटर. ते मोजायचा फीलर गेज त्यांनी माझ्या हातात दिला. स्वतः लावून दिलं असतं तर पाच मिनिटांचं काम होतं. माझी संध्याकाळ त्यात गेली, तरी ते शेजारी बसून राहिले.

त्यांचा दुसरा धडा मला ऑफिसात उपयोगी पडला. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही. सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हे माझं काम. तिथे गोंधळून गेलेल्या मला या एका वाक्याने उभं केलं.

पुढे मला सायलेन्सरातला बॅफल काढून टाकायची हौस आली. त्यांनी रागावून नव्हे, समजावून नाही म्हटलं. टू-स्ट्रोकमध्ये सायलेन्सरातून परतणारी दाबाची लाट बाहेर निसटणारं ताजं मिश्रण पुन्हा सिलिंडरात ढकलते. बॅफल गेला की आवाज वाढतो आणि ओढ घटते. बॅफल काढायचा तो कार्बन खरवडायला, आणि परत बसवायचा. सहा व्होल्टचा मिणमिणता दिवा मात्र बदल म्हणाले. बारा व्होल्टसाठी कॉइल, बल्ब, हॉर्न, रेग्युलेटर, बॅटरी सगळंच बदलावं लागलं. वायरिंगचा नकाशा त्यांनी माझ्याकडून काढून घेतला आणि तपासल्याशिवाय एकही तार जोडू दिली नाही.

पैशांचा विषय मी काढला तेव्हा ते म्हणाले, "जे. सी. रोडला गेलास की कंडेन्सर दोन आण. एक माझ्याकडे राहू दे, रात्री-अपरात्री कुणाला तरी लागेल."