सुवेझची वाट बंद आहे

हर्णै, फेब्रुवारी १९५७

तीर्थस्वरूप दादांस शिरसाष्टांग नमस्कार विनंती विशेष.

लंडनहून निघण्यापूर्वी धाडलेले आपले पत्र पावले आणि आईने ते रीतीप्रमाणे दोनदा वाचून घेतले. ‘बाळाने शहाण्यासारखे वागावे, आम्ही लवकरच येतो,’ हे मी वाचत होतो तेव्हा बाळ ओटीच्या खांबाला टेकून ऐकत होता. वाचन संपल्यावर त्याने एवढेच विचारले, “बोट कुठल्या वाटेने येणार, ते लिहिलंय का?” ते आपण लिहिले नव्हते.

सुवेझचा कालवा नोव्हेंबरपासून बंद आहे, मिसर सरकारने त्यात बुडवलेली जहाजे काढण्याचे काम संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली अद्याप चालू आहे आणि त्यामुळे आपणांस आफ्रिकेला वळसा घालून यावे लागणार, ही हकीकत त्याच्या कानी जाऊ नये अशी तजवीज आई आणि वहिनी यांनी मोठ्या कसोशीने केली होती. परंतु ज्या ओटीवर आळीतले चारजण वर्तमानपत्र ऐकावयास जमतात, तेथे असली गुपिते कितीशी टिकणार! त्याने रडारड केली नाही. वहिनींच्या शिवणाच्या पेटीतला दोरा घेऊन तो शाळेत आला आणि भिंतीवरच्या नकाशाला लावू लागला. सपाट नकाशा अंतराच्या बाबतीत लबाड असतो, म्हणून मी कपाटातला पृथ्वीचा गोल काढून दिला. जिब्राल्टर, पोर्ट सैद, एडन या वाटेने मुंबईपर्यंत दोरा वीतभर भरला. केपला वळसा घालून तोच पावणेदोन वीत झाला. (सव्वासहा हजार सागरी मैलांचे पावणेअकरा हजार होतात, तेव्हा माप वाईट नाही.) तासाला बारा मैलांच्या चालीने हा वाढावा पंधरवड्याचा, हे गणित त्याने माझ्याकडून दोनदा करवून घेतले आणि मगच दोरा गुंडाळून खिशात ठेवला.

दादा, माझी अशी धारणा होत चालली आहे की, दूर गेलेल्या बापाला मूल मायेच्या आश्वासनांनी धरून ठेवीत नाही. तो या घटकेस कोठे आहे, काय जेवला, कोणाशी बोलला, असल्या बारीकसारीक मजकुराने धरून ठेवते आणि तो मजकूर घरी मिळाला नाही म्हणजे दारोदार हिंडून गोळा करते. मुंबईची बोट लागते त्या दिवशी बाळ बंदरावर जातो, तेव्हा बायका हळहळतात. पण तो समुद्राकडे पाहतसुद्धा नाही. उतारूंचे पडाव किनाऱ्याला येतात तेथे एक वृद्ध सारंग बसलेले असतात. महायुद्धात भूमध्य समुद्राची वाट बंद झाली तेव्हा दिवे मालवून केपवरून गेलेल्या जहाजांवर त्यांनी नोकरी केली आहे. बाळ त्यांची चक्क जबानी घेतो. पंख पसरले की दीड-दोन पुरुष भरणारा तिकडचा पांढरा पक्षी, लाट उंच चढली की ताटे घसरू नयेत म्हणून मेजाला लावलेली फळी, हे सारे त्याला आता तोंडपाठ आहे. फळीची उंची सारंगांना सांगता आली नाही, याची मात्र त्याला रुखरुख आहे.

म्हणून आपल्या बोटीच्या डाकार येथील एजंटांच्या पत्त्यावर हे लिहीत आहे. तेथे तेल किती घेतले, पश्चिमेकडे जाताना आणि पूर्वेकडे वळल्यावर जहाजावरची घड्याळे कशी फिरवतात, इंजिनघरात दिवस की रात्र हे कसे समजते, आणि ती फळी किती बोटे उंच असते, याचा खुलासा तारीखवार यावा. मुंबईस पोचण्याचा दिवस सांगता येत नसेल, तर तसे स्पष्ट लिहावे. त्याला ते चालेल. वहिनींसाठी जे लिहावयाचे ते मात्र निराळ्या पाकिटात घालावे, कारण हल्ली टपाल बाळच फोडतो.