इकाम्यावर काय लिहिले आहे?

विजापूर वेशीतून बेगम पेठेकडे चालत निघाले की पाच मिनिटांत चार भाषा कानावर पडतात. भाजीवालीची मराठी, धान्य दुकानातली कन्नड, यंत्रमागावरच्या कामगारांची तेलुगू आणि घराघरांतून येणारी आपली दखनी. सोलापूर हे बाहेरून आलेल्यांनी वसवलेले शहर आहे. 1877 साली इथे ती मोठी कापड गिरणी उभी राहिली, जिला लोक अजून जुनी गिरणी म्हणतात. निजामाच्या मुलखातून पद्मशाली विणकर आले, मोमीन विणकरांचे माग चालले, दुष्काळाने गाव सोडलेले शेतमजूर आले. माणूस आधी एकटा यायचा, काम धरायचा, खोली बघायचा आणि सणाला गावी जाऊन बायकामुलांना घेऊन यायचा. निजामाचे राज्य वेगळे, इंग्रजांचे सोलापूर वेगळे. तरीही बायकोला आणायला पगाराचा दाखला दाखवावा लागत नसे.

आज याच गल्ल्यांतून माणसे बाहेर जातात. रत्नागिरी किंवा श्रीवर्धनसारखी घरटी एक अशी सवय इथे नाही, पण विजापूर वेस, नई जिंदगी, मुल्लाबाबा टेकडी अशा कुठल्याही वस्तीत विचारा. कुणाचा भाऊ रियाधला एसी दुरुस्त करतो, कुणाचा जावई दुबईत हिशेब लिहितो, कुणाचे अब्बा कुवेतमध्ये गाडी चालवतात. आम्ही तीन दिवस सोलापुरात हिंडलो ते एकच गोष्ट समजून घ्यायला. परदेशात गेलेल्या माणसाच्या मागे त्याची बायकामुले जाऊ शकतात का, आणि ते कोण ठरवते?

पहिल्या दिवशी आम्ही झेरॉक्सच्या दुकानांतून फिरलो. या प्रश्नाची सुरुवात तिथेच होते. ‘पासपोर्ट, पॅनकार्ड, गॅझेट, अरबी भाषांतर’ असे एका पाटीवर ओळीने लिहिलेले. आत बसलेल्या पोराने सांगितले की त्याच्याकडे येणाऱ्या दहा जणांतले सहा-सात नावाची दुरुस्ती करायला येतात. ‘शेख’ हे नाव इंग्रजीत शाळेच्या दाखल्यावर एका तऱ्हेने लिहिलेले, आधारवर दुसऱ्या तऱ्हेने, निकाहनाम्यावर उर्दूत. आईचे नाव कुठे ‘रझिया’, कुठे ‘रजियाबी’, कुठे ‘रझिया बेगम’. गल्लीत या तिन्ही हाकांना ती एकच बाई ओ देते. परदेशातल्या कचेरीच्या संगणकाला मात्र त्या तीन वेगळ्या बायका दिसतात.

आता पद्धत कशी आहे ते पाहू. आखाती देशांत नोकरदार आधी स्वतःच्या कामाच्या व्हिसावर जातो. तिथे त्याला राहण्याचा परवाना मिळतो. सौदीत त्याला इकामा म्हणतात. मग तो स्वतः आपल्या पत्नीचा आणि मुलांचा जामीनदार होतो आणि त्यांच्यासाठी अर्ज करतो. अर्जात मुख्यतः तीन गोष्टी बघतात: इकाम्यावर पदनाम काय आहे, पगार किती आहे आणि नात्याचे कागद खरे व प्रमाणित आहेत का. यांतली पहिली गोष्ट आपल्याकडे सर्वांत कमी विचारली जाते. सौदीत मजूर किंवा घरगुती चालक अशा पदनामावर कुटुंबाला कायम राहण्याचा व्हिसा सहसा मिळत नाही. माणूस प्रत्यक्षात दुकान सांभाळत असेल, पण इकाम्यावर ‘आमिल’ म्हणजे कामगार लिहिले असेल, तर अर्ज तिथेच अडतो.

पगाराची अट गेल्या काही वर्षांत कशी बदलत गेली, ते देशादेशाने वेगळे आहे. सौदी अरबस्तानात 1 जुलै 2017 पासून कुटुंबातल्या प्रत्येक आश्रितामागे महिना 100 रियाल शुल्क लागू झाले. 2018 मध्ये ते 200, 2019 मध्ये 300 आणि 2020 मध्ये 400 रियाल झाले. बायको आणि तीन मुले धरली तर महिन्याला 1,600 आणि वर्षाला 19,200 रियाल होतात. ज्याचा पगार 3,500 रियाल आहे, त्याची वर्षातली साडेपाच महिन्यांची कमाई फक्त कुटुंब जवळ ठेवण्यात जाते. घरभाडे, शाळेची फी आणि खाणेपिणे त्याच्या पुढे.

हा हिशेब आम्हाला नई जिंदगीतल्या एका भगिनीने वहीत काढून दाखवला. ती नऊ वर्षे जेद्दात राहिली होती. पहिल्या वर्षी नवरा म्हणाला, भागवू. दुसऱ्या वर्षी मोठ्या मुलाची शाळा बदलली. तिसऱ्या वर्षी सामान विकले आणि ती तीन मुलांना घेऊन सोलापूरला सासूकडे परत आली. नवरा तिथेच, आता सहा जणांच्या खोलीत. ‘परवाना नाकारला नव्हता,’ ती म्हणाली, ‘आम्हालाच तो परवडेनासा झाला.’ 2017 नंतरच्या दोन-तीन वर्षांत सौदीतून अशी कितीतरी भारतीय कुटुंबे मायदेशी परतली. त्यांच्या हातात नकाराचा कागद नव्हता.

संयुक्त अरब अमिरातीने उलट दिशेने पाऊल टाकले. तिथे पूर्वी कुटुंब आणण्यासाठी पदनामही बघत. 2019 मध्ये ती अट काढली आणि उत्पन्न हाच निकष ठेवला: महिना 4,000 दिरहम, किंवा 3,000 दिरहम आणि राहायची जागा. ऑक्टोबर 2022 पासून मुलग्याला 25 वर्षांपर्यंत आई-वडिलांच्या परवान्यावर राहता येते. आधी ही मर्यादा 18 होती. अविवाहित मुलीला वयाची अट नाही. कुवेतमध्ये पगाराची अट 500 दिनार होती. 2022 मध्ये कुटुंबाचे व्हिसा बंदच झाले आणि जानेवारी 2024 मध्ये ते पुन्हा सुरू झाले, तेव्हा पगाराची अट 800 दिनार झाली होती आणि पदवीही मागितली जात होती. पदवीची अट त्याच वर्षी शिथिल झाली, पगाराची राहिली. चालकाच्या किंवा शिंप्याच्या पगारात 800 दिनार बसत नाहीत.

हे फक्त आखातात चालते असे समजू नये. ब्रिटनने एप्रिल 2024 मध्ये जोडीदाराला बोलावण्यासाठी लागणारे वार्षिक उत्पन्न 18,600 पौंडांवरून 29,000 पौंडांवर नेले. अमेरिकेत नागरिकाला भावंडांना बोलावता येते, पण रांग इतकी लांब आहे की 2025 मध्ये भारतातल्या भावंडांच्या 2006 च्या सुमारास भरलेल्या अर्जांचे नंबर लागत होते. अर्ज भरताना शाळेत असलेला भाचा आता स्वतः बाप झालेला असतो. कुठे पैसा मागतात, कुठे आयुष्यातली वीस वर्षे.

तरीही अमेरिका आणि आखात यांत एक मोठा फरक आहे आणि तो घरातल्या वडीलधाऱ्यांनी नीट लक्षात घ्यावा. अमेरिकेत वाट पाहून मिळालेला परवाना हा तिथे वसण्याचा परवाना असतो. आखातात तो नोकरीला बांधलेला असतो. नवऱ्याची नोकरी गेली की त्याच्या इकाम्याबरोबर बायकोचा आणि मुलांचाही परवाना संपतो. तिथे जन्मलेले मूलही भारतीयच राहते. त्यामुळे आखातात वीस वर्षे काढलेल्या कुटुंबालाही सोलापूरचे घर सोडता येत नाही. बेगम पेठेत आम्ही अशी दुमजली घरे पाहिली, जिथे वरच्या मजल्याला कुलूप आहे. तो मजला परत येण्याच्या दिवसासाठी बांधून ठेवलेला असतो.

परत येण्याचा सर्वांत मोठा भार मुलांवर पडतो. शारजात बारावीपर्यंत शिकलेला एक मुलगा आम्हाला भेटला. तो आता सोलापुरात पदवीच्या वर्गात आहे. त्याला मराठी वाचता येते, पण पटापट बोलता येत नाही. रिक्षावाला त्याला परगावचा समजतो. सोलापूर त्याने आजवर फक्त मे महिन्याच्या सुटीत पाहिले होते, म्हणजे उन्हात बंद खिडक्यांच्या आड. ‘दादीच्या हातची कडक भाकरी आणि शेंगाची चटणी आम्ही तिकडे डब्यात न्यायचो,’ तो हसत म्हणाला. ‘आता रोज खातो आणि तिकडचे खुबूस आठवतात.’ आई-वडील अजून तिकडेच आहेत. कुटुंब एकत्र राहावे म्हणून ज्याला लहानपणी नेले, तो ऐन अठराव्या वर्षी एकटा पडला.

आणि ज्या कधी गेल्याच नाहीत, त्यांची संख्या या वस्त्यांत सर्वांत जास्त आहे. दोन वर्षांचा करार, मग दोन महिन्यांची सुटी, पुन्हा दोन वर्षे. अशा दहा वर्षांच्या संसारात नवरा-बायको जेमतेम दहा महिने एकत्र राहतात. हजरत उमर (रजि.) यांच्याविषयीची रिवायत आपल्याला ठाऊक आहे. मोहिमेवर गेलेल्या सैनिकाच्या पत्नीचे दुःख त्यांच्या कानी आले, त्यांनी आपली कन्या हजरत हफ्सा (रजि.) यांचे मत घेतले आणि विवाहित सैनिकाला घरापासून किती काळ दूर ठेवायचे याची मर्यादा घातली. काही रिवायतींत ती चार महिने आहे, काहींत सहा. ही रिवायत वाजांमध्ये ऐकून आपण माना डोलावतो आणि लेकीचा निकाह ठरवताना मात्र ‘मुलगा सौदीत आहे’ एवढ्यावर खूश होतो.

आम्ही असे म्हणत नाही की आखातातला जावई करू नये. रोजी जिथे आहे तिथे माणूस जाणारच. पण निकाह हा करार आहे आणि करारापूर्वी विचारण्याचा हक्क मुलीकडच्यांना आहे. इकाम्यावर पदनाम काय? कागदोपत्री पगार किती? त्या पगारावर पत्नीला नेता येते का? नेता येत नसेल, तर सुटी किती महिन्यांनी? मुलगी सासरी राहणार की माहेरी, आणि खर्चाचे पैसे कुणाच्या खात्यात येणार? हे प्रश्न विचारल्याने कुणाचा अपमान होत नाही. इकामा हे कार्ड आहे. त्याचा फोटो मोबाईलवर पाठवायला एक मिनिट लागते.

तिकडचे नियम आपल्या हातात नाहीत, ते उद्या पुन्हा बदलतील. आपल्या हातात इथले कागद आहेत आणि त्यांतच आपण ढिलाई करतो. महाराष्ट्रात 1998 च्या कायद्याने प्रत्येक विवाहाची नोंदणी आवश्यक केली आहे. काझीसाहेबांच्या निकाहनाम्यानंतर महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या निबंधकाकडे ही नोंद करून घ्यावी लागते. पुष्कळ जण ती व्हिसाची वेळ येईपर्यंत करत नाहीत. मग साक्षीदार शोधा, जुने फोटो शोधा, विलंबाचा दंड भरा. निकाहानंतर लगेच नोंद केली तर हे सारे टळते. मुलांच्या जन्मनोंदीत नाव रिकामे राहिले असेल, तर पंधरा वर्षांच्या आत ते घालता येते. 1 ऑक्टोबर 2023 पासून जन्मलेल्या मुलांना तर पासपोर्टसाठी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्मदाखलाच लागतो.

प्रमाणीकरणाचा मार्गही देशानुसार बदलतो. भारत 2005 पासून अपोस्टिल करारात आहे आणि सौदी अरबस्तान डिसेंबर 2022 मध्ये त्यात आले. त्यामुळे सौदीसाठी परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का चालतो. अमिराती, कुवेत आणि कतार यांच्यासाठी मात्र त्या त्या देशाच्या दूतावासाचा शिक्काही घ्यावा लागतो. पासपोर्टचा अर्ज आता सोलापुरातच देता येतो, त्यामुळे निदान पुण्याची एक फेरी वाचते. बाकीच्या कामांसाठी दलालाला पैसे देण्यापूर्वी कोणता शिक्का कुठून मिळतो, हे स्वतः विचारून घ्यावे.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही बेगम पेठेतल्या एका घरी चहाला थांबलो होतो. तिथे धाकट्या मुलीसाठी रिश्ता आला होता, मुलगा दम्मामला. मध्यस्थ बाई घर, दागिने, दोन मजले, सगळे सांगत होत्या. मुलीच्या अम्मींनी सारे शांतपणे ऐकले, बशी खाली ठेवली आणि विचारले, ‘खाला, त्याच्या इकाम्यावर काय लिहिले आहे?’ मध्यस्थ बाई क्षणभर गप्प झाल्या. मग म्हणाल्या, विचारून सांगते. अम्मी म्हणाल्या, ‘सांगा. मग तारखेचे बोलू.’ आतल्या दाराशी उभी असलेली मुलगी पडदा किंचित बाजूला करून ऐकत होती.